कुरडयांचा ओटा

मोर्शी, शुक्रवार दुपार
(कूलर अजून अंगणातच आहे)

तीर्थरूप दादास,

धाकट्या साधनाचा वाकून नमस्कार. माणिकवहिनीले पण तेवढाच वाकून, फक्त तिले सांगजो की कंबर धरली आहे म्हणून पूर्ण वाकता नाही आलं. तुझी शुगर कशी आहे? खरी सांग. तू फोनवर सांगतो ती दुकानातली शुगर अन् वहिनी सांगते ती घरातली, मी आपली दोन्हीच्या मधातली धरून देवाले हात जोडते. गुडघ्याचं तेल संपलं असंन तर कळव. चांदूर बाजारच्या एका जणाचं तेल लीलाबाईनं आणलं होतं, ते लावलं की दुखणं तसंच राहते पण वास असा की माणसाले दुखण्याकडे लक्ष द्यायले फुरसत नाही. इकडं आमी सगळे बरे आहो. सासूबाई खणखणीत, आमचा अंकुर पुण्यात, अन् तुमचे जवाई, म्हणजे आमचे हे, ह्या पत्रात पुढं येतातच.

तू म्हणशीन, हातात फोन असताना ह्या बाईनं कागद काहून काळा केला? दादा, तुले फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतो, अन् गिऱ्हाईक, हमाल, चहावाला, सगळे मले ‘ताई नमस्ते’ करतात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुमच्या घरात कोणाचा फोन कोण वाचते त्याचा पत्ता नाही. अन् इकडं तुमच्या जवायाचे कान असे की मी शेताच्या ह्या धुऱ्यावर तुझं नाव घेतलं तर ते त्या धुऱ्यावरून विचारतात, ‘काय म्हणते किसनराव?’ म्हणून कागद. लीलाबाई म्हणजे आमची शेजारीण, तिचा योगेश उद्या गाडी घेऊन अकोल्याले येऊन राहिला, त्याच्याजवळ देते. परवा रविवारी तू अन् वहिनी रसाच्या जेवणाले येता, त्याच्या आधी तुले सगळं माहीत पाहिजे. कारण तू स्वयंपाकघरात पाय ठेवशीन अन् तुले तो ओटा दिसन. त्या ओट्याचा निकाल तुलेच लावायचा आहे. तुमच्या जवायानं जाहीर केलं आहे की किसनराव ठेवा म्हणन तर ठेवू, नाही म्हणन तर घण घालून फोडू अन् त्याच्याच दुकानातलं ग्रॅनाइट बसवू. आता ऐक.

सुरुवात तूच केली. मागच्या पावसाळ्यात मी पाटावरून पडली अन् मनगट मोडलं, हे तुले माहीत. पाटावर काहून चढावं लागते हेही तुले माहीत असलं पाहिजे, कारण घर बांधलं तवा कडप्प्याचा ओटा तूच पाठवला, गडी तुझेच, अन् त्याईनं तो तुझ्या दुकानाच्या ठरलेल्या उंचीवर बसवून दिला. मी लग्नाच्या फोटोतही स्टुलावर उभी आहे. (फोटोवाल्यानं स्टूल कापलं, पण माझ्या तोंडावरची पडायची भीती काही त्याले कापता आली नाही.) तवापासून पाट ठेवायचा, चढायचं, लाटायचं, उतरायचं, डबा घ्यायचा, पुन्हा चढायचं. माझी सारी गिरस्ती त्या पाटावर झाली. अन् एक दिवस पाट सरकला. अमरावतीच्या दवाखान्यात माझं प्लास्टर ओलं असताना तू डॉक्टर, नर्स, बाजूच्या खाटेवरचा पेशंट, सगळ्यांच्या समोर म्हणाला, ‘जवाईबुवा, तुमच्याच्यानं काही होत नाही. मी ग्रॅनाइट पाठवतो, गडी पाठवतो, तुमी फक्त खुर्ची टाकून पाहत बसा.’ तू मायेनं बोलला. पण ज्या माणसानं आपल्या हातानं संत्र्याची कलमं बांधून बाग उभी केली, त्याले ‘पाहत बसा’ म्हणायचं नसते रे दादा! त्याईनं माझ्यासाठी मोसंबी सोलली अन् खिडकीच्या बाहेर पाहत राहिले. मले तवाच धाकधूक झाली.

उन्हाळा लागला अन् अंकुरनं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. (पोराले नोकरी आहे, तरी एवढा वेळ कुठून भेटते कोण जाणे.) त्याच्यात एक गोरा माणूस घरच्या घरी सिमेंटचा ओटा ओतते, घासते, अन् शेवटी त्याच्यावर कॉफी पिते. त्याच्या घरी ना सासू, ना शेजारीण, ना मे महिना. तुमच्या जवायानं तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की सासूबाई विचारायले लागल्या, ‘हा गोरा कोणाकडचा पाहुणा हाय? रोज येते.’ मंग मले म्हणाले, ‘साधना, ह्याच्यात काय हाय? रेती, सिमेंट, बारीक चुरी अन् पाणी. विहिरीची कडा बांधली तवा ह्याच्याहून जास्त डोकं लागलं होतं.’ (विहिरीची कडा एका बाजूनं कलली आहे. त्या बाजूले आमी कोणाले जाऊ देत नाही.)

एक दिवस म्हणाले, ‘चप्पल काढून भिंतीपाशी उभी राय, अन् पोळी लाटून राहिली असं कर.’ मले वाटलं फोटो काढतात. मी पदर सारखा केला, हसली, हवेतल्या हवेत पोळी लाटली. त्याईनं माझ्या कोपरापाशी भिंतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी ओढली, अन् पेन्सिल कानावर ठेवून निघून गेले. फोटो काही काढला नाही. मी अर्धा घंटा तोंड फुगवून होती.

मंग आमच्या घराची लूट सुरू झाली. पहिले तर नवीन व्हायच्या आधीच जुना ओटा फोडला. (असं करू नये हे आमच्या घरात फक्त सासूबाईले समजते, अन् त्याईचं कोणी ऐकत नाही.) झाला स्वयंपाक अंगणात. गोवऱ्या पेटवून रोडगे अन् वांग्याची भाजी, एक दिवस मजा वाटली, मंग रोजच रोडगे, मारुतीले सुद्धा एवढे रोडगे कोणी दाखवले नसतीन. साच्यासाठी दिवाणाची प्लाय गेली. रविवारी मुक्काम करशीन तर खाली झोपायची तयारी ठेवजो. साचा सपाट बसावा म्हणून घरातले दोन्ही तक्तपोस, म्हणजे लाकडी पलंग, अंगणात जोडून ठेवले. आतमध्ये लोखंडाची जाळी पाहिजे, तर ती बाजारातून आणायची सोडून बागेच्या कुंपणाची सोडवून आणली. त्या फटीतून दुसऱ्याच दिवशी रोही, म्हणजे नीलगाई, बागेत घुसले अन् कोवळा पाला ओरबाडून गेले. मी म्हटलं, ‘एका ओट्यासाठी बाग खाऊ घालता काय?’ तर म्हणे, ‘रोही आज हाय उद्या नाही, ओटा जन्माचा हाय.’

मंग कूलर. ओतलेल्या सिमेंटमधले बुडबुडे निघाले पाहिजे, नाही तर ओट्याले देवीचे वण पडतात. त्या गोऱ्यापाशी थरथर करायचं मशीन होतं. आमच्यापाशी आमचा लोखंडी कूलर आहे, अन् त्याची थरथर साऱ्या गल्लीले माहीत आहे, तो चालू झाला की लीलाबाईच्या घरच्या वाट्या वाजतात. तो उचलून तक्तपोसाच्या कडेवर बसवला अन् दोरीनं बांधला. मे महिना, मोर्शीचं ऊन, अन् आमी सासवा-सुना वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेऊन राहिलो, काहून की ओट्याचे बुडबुडे काढायचे आहे! सासूबाई म्हणाल्या, ‘माह्या बाळंतपणात ह्याच्या बापानं एवढी दगदग नाही केली.’

आता दादा, मुद्द्याची गोष्ट. मे महिन्यात दिवसा ओतलं तर सिमेंट घमेल्यातच आवळते, म्हणून उजाडायच्या आधी ओतायचं ठरलं. अन् कुरडयाही उजाडायच्या आधीच घालाव्या लागतात, हे तुले आईच्या हातचा गरम चीक साखर टाकून खाल्ला असंन तर आठवत असंन. गहू भिजवून वाटला, चीक निवळला, म्हणजे तो काही कोणासाठी थांबत नाही, दुसऱ्या दिवशी आंबते. ह्यायचं सिमेंट अन् आमचा चीक एकाच पहाटे तयार झाला. मी आधी सांगतलं होतं. ते ‘हो’ म्हणाले होते. (तो ‘हो’ त्या गोऱ्याले होता, मले नव्हता, हे मागून समजलं.)

त्याईनं अंधारातच ओतलं, पाणी जरा जास्तच घातलं, कूलरनं थरथरवलं, फळीनं असं सपाट केलं की मी मनात म्हटलं, वा. तोंडानं नाही म्हटलं. वरून नवंकोरं प्लास्टिक ताणून टाकलं अन् सगळ्याईले बजावलं, ‘ह्याच्यावर कोणी वजन ठेवायचं नाही. बस, एवढंच.’ अन् गेले बागेत, रोही पाहायले.

इकडं चुलीवर चीक शिजला, रटरट करून राहिला. लीलाबाई सोऱ्या घेऊन हजर. अन् तवा आमच्या ध्यानात आलं की दरवर्षी कुरडया घालतो ते दोन्ही तक्तपोस ओट्याखाली गेले, अन् कुरडयांसाठी आणून ठेवलेलं प्लास्टिक ओट्यावर गेलं! चादरीवर घालावं तर चीक चिकटते. घरात नवं काही नाही, दुकान उघडायले उशीर, चीक थंडा झाला की सोऱ्यातून निघत नाही. आमी तिघी त्या ओट्याकडे पाहून राहिलो. सपाट, स्वच्छ, ताणलेलं प्लास्टिक. मी म्हटलं, ‘बाई, ह्यायनं नाही म्हटलं आहे.’ तर सासूबाई काय म्हणाल्या? ‘त्यानं वजन ठेवू नका म्हटलं. कुरडई म्हणजे काय वजन हाय? फुंकर मारली तं उडते.’ आता सासूचं ऐकायचं की नवऱ्याचं, हे लग्नात कोणी सांगत नाही. मी सासूचं ऐकलं. पहिली कुरडई मीच घातली.

कुरडई उडते ती वाळल्यावर, हे आमच्या तिघींच्याही ध्यानात नाही आलं. ओली, गरम, चिकाची कुरडई, अन् वरून लीलाबाईचा जोर. ती सोऱ्या दाबते तवा डावा हात टेकून दाबते, सारा हात, बांगड्यासगट. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आमी ओळीनं कुरडया घातल्या, अन् लय सुंदर घातल्या. ऊन वर आलं, कुरडया वरून कडक झाल्या, अन् त्याच्याखाली ओटाही कडक झाला. दुपारी पहिली कुरडई उचलली, प्लास्टिक उचललं, तर खाली तीच कुरडई. सिमेंटमध्ये. एकूण एक तार मोजून घे. अन् मधात लीलाबाईच्या बांगड्या.

सासूबाईनं पटकन सोऱ्या पदराखाली लपवला. लीलाबाईले तिच्या घरी दूध उतू गेल्याचं आठवलं. हे आले, घामाघूम, हातात रोही हाकलायची काठी. उभे राहून पाहिलं. मी वाट पाहून राहिली की आता हा माणूस काठी फेकन, ओरडन, किसनरावचं नाव काढन. ते पाटावर बसले. माह्या त्याच पाटावर. मंग म्हणाले, ‘कुरडया वाळू दे आधी. मेहनतीच्या हायेत.’ दादा, ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढचं थोडक्यात सांगते. (तुले माहीत आहे, माझं थोडक्यात म्हणजे काय.) आठवडाभर गोणपाट टाकून ओट्याले पाणी पाजलं, आमच्या तुळशीचं तेवढं कौतुक कधी झालं नाही. मंग उचलायले गल्लीतले सारे माणसं बोलावले. उचलला तर दारातून जात नाही. आडवा जात नाही, उभा जात नाही, तिरपा केला तर खालच्या माणसाचा श्वास जात नाही. शेवटी चौकट काढली. ती अजून लावायची आहे, तवा स्वयंपाकघराले दार नाही म्हणून हसू नको. विटांचे खांब त्याईनं भिंतीवरच्या त्या पेन्सिलीच्या खालच्या रेघेपर्यंत बांधले होते, त्याच्यावर ओटा टेकला अन् केसभरही हलला नाही.

आता त्याचे गुण ऐक. कुरडईच्या तारांमध्ये कणीक जाते. पाणी सांडलं की ते सिंककडं निघते, पण वाटेत प्रत्येक कुरडईत गोल फिरते अन् दमून तिथंच राहते. मुंग्यांनी त्याच्यात रस्ते धरले आहेत. पोळी लाटली तर पोळीवर कुरडई उमटते. तुमचे जवाई रोज आंघोळ झाल्यावर जुना दात घासायचा ब्रश घेऊन एक-एक तार घासतात, त्याईनं स्वतःचे दात कधी एवढे घासले नाहीत. अन् लोकं! सारी गल्ली पाहून गेली. नवीन सुनांनी फोटो काढले. एक बाई चांदूर बाजारहून आली अन् विचारते, ‘हे डिझाइन कोणत्या कारागिराचं?’ सासूबाई पुढं होऊन म्हणाल्या, ‘आमचंच.’ मी शरमेनं अर्धी झाली, अन् मी आधीच अर्धी आहे.

तर असा हा ओटा. मनगट मोडलं, दिवाण मोडला, दार मोडलं, कुंपण मोडलं, अन् हाती काय आलं तर दगडाच्या कुरडया. मी वैतागली आहे. तू सख्खा भाऊ आहे, धंद्यातला माणूस आहे, रविवारी ये, पाहा, अन् काय तो निकाल दे. आंबे पाडाचे उतरवून ठेवले आहेत. त्याच कुरडया तळीन, त्याईचा काही गुन्हा नाही.

वहिनीले, पोराईले माह्याकडून माया. चुकलं-माकलं पोटात घाल, शुगर मात्र घालू नको.

तुझी,
साधना

ता. क. : दादा, निकाल ‘ठेवा’ असाच दे. वर जे लिहिलं ते सारं खरं आहे, पण एक राहिलं. ओटा बसला त्या दिवशी पहिली पोळी लाटायले उभी राहिली तवा माझा पाय सवयीनं पाट शोधायले लागला. पाट नव्हता, अन् गरजही नव्हती. दोन्ही पाय जमिनीवर होते अन् लाटणं बरोबर हाताखाली. मले रडू आलं. ह्यायले सांगतलं की कांदा चिरला. कांदा कुठून येते पोळ्यात? पण त्याईले तेवढं समजत नाही. मी अजून तोंडानं एक चांगला शब्द बोलली नाही, बोलली तर लगेच लीलाबाईचाही ओटा ओततीन. तू माणूस दुकानाचा, तुह्या तोंडून ‘वा’ निघालं तर त्याईले वर्षभर पुरन. हसू आलं तर खोकल्यासारखं कर. वहिनीले आधीच हसवून आण.

ता. क. २ : अन् येताना ग्रॅनाइटचा एक तुकडा आण, पोळपाटाएवढा, पोळ्या लाटायले. वहिनीच्या पिशवीत साड्यांच्या खाली ठेवजो. ‘दुकानात पडला होता’ म्हणू नको, ‘वहिनीनं पोळपाट आणला’ म्हण.

ता. क. ३ (हे अक्षर वेगळं दिसन) : किसनराव, नमस्कार. योगेशची गाडी बागेपाशी पंक्चर झाली, त्यानं चाक काढेपर्यंत पाकीट मले धरायले दिलं. तुमची बहीण डिंक फार हात राखून लावते. वाचलं. निकालाचं म्हणाल तर ओटा फोडायचा विचार मी कधीच केला नव्हता. तिच्या मनात काय हाय ते ती मले सांगत नाही, तुमाले सांगते, म्हणून निकाल तुमच्यावर टाकला. आता समजलं, मोकळा झालो. तुमी दवाखान्यात बोलले ते मले लागलं होतं, खोटं कशाले सांगू. पण दगड तुमचा चांगला होता अन् घर माह्यं चांगलं होतं, फक्त दोघांपैकी एकानंही कधी तिची उंची मोजली नव्हती. ते राहून गेलं होतं, तेवढं केलं. रविवारी ‘वा’ म्हणा, पण मले काहीच माहीत नाही असं तिले वाटू द्या. अन् तुकडा काळा आणजा, पांढऱ्यावर कणीक दिसत नाही. तिचा पाट मी बागेत आणला हाय, त्याच्यावरच बसून लिहून राहिलो.

खुशालराव